शेवटचा रकाना

"तुम्ही वॉशिंग मशीन किती वाजता लावता?" दातेकाका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. करोनाचे दिवस, डीमन या डच गावातली आमची इमारत, आणि दारापासून मोजून दीड मीटरवर मास्क लावून, हातात वही घेऊन उभे असलेले सत्तरीचे गृहस्थ. मला वाटलं, तक्रार आली. ओशाळून वेळ सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि विचारलं, "आणि मिनिटं?"

वरच्या मजल्यावरच्या मुक्ताचे ते वडील. तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यावर अडकले. कोयनेच्या बाजूला एका वेधशाळेत भूकंपाच्या नोंदी ठेवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. वेळ जावा म्हणून लेकीने छोटं भूकंपमापक यंत्र मागवून दिलं. ते त्यांनी आमच्या भिंतीला लागून असलेल्या बर्गिंगमध्ये, म्हणजे सायकली ठेवायच्या खोलीत, थेट जमिनीवर बसवलं. उत्तरेला ग्रोनिंगनकडे जमिनीखालून गॅस काढल्यामुळे बारके भूकंप होतात. परत जाण्याआधी त्यातला एक तरी पकडायचा, हा त्यांचा ध्यास. "ट्राम कमी, मेट्रो रिकामी, सगळे घरात. अशी शांतता पुन्हा मिळायची नाही," म्हणायचे.

पण आधी घरातले आवाज ओळखायचे, अशी त्यांची शिस्त. वहीत रकाने आखलेले: तारीख, वेळ, कंपन कशाचं. लिफ्ट, वरच्या मुलांच्या दोरीउड्या, आमचं वॉशिंग मशीन. शेवटचा रकाना 'माणसं', तो कायम रिकामा. मी विचारलं तर म्हणाले, "तो भूकंप झाला की भरायचा."

एका शनिवारी त्यांच्या लॅपटॉपवर मला रेघ उसळलेली दिसली. दोन झटके, मध्ये थोडी उसंत. भूकंपाच्या दोन लाटा अशाच मागेपुढे येतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मी ओरडलो, मुक्ताने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, अभिनंदनाचा पाऊस पडला. काकांनी स्वतः शिरा केला. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दीड मीटरवर. या वेळी प्रश्न माझ्या बायकोला.

"प्राजक्ता, काल सव्वाअकराला काय करत होतीस?"

"शेंगदाण्याचं कूट. खलबत्त्यात. मिक्सरमध्ये तेल सुटतं हो. मध्ये आईचा फोन आला, 'नंतर करते' म्हणून ठेवला, मग पुन्हा कुटलं."

काकांनी शांतपणे लिहिलं: 'तळमजला, कूट.' ग्रुपवर चूक कबूल करणारा मेसेजही त्यांनीच टाकला. राहू द्या, कोण बघतंय, असं मी म्हणालो तर चिडले. "मला व्हायला हवा होता, म्हणून झाला! मोठा भूकंप कुणालाही कळतो रे. बारक्याला मन साफ लागतं."

मग विमानं सुरू झाली. भूकंप न पकडताच काका निघाले. यंत्र आणि वही माझ्या हाती देताना त्यांचा हात क्षणभर वहीवरच राहिला. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या लॉकडाऊनमध्ये, एका रविवारी सकाळी, रेघ हलली. बारीक, मग वीस सेकंदांनी जरा मोठी. काकांच्या हिशेबाने दोन लाटांमधल्या सेकंदांना आठाने गुणलं: एकशे साठ किलोमीटर. थोड्या वेळाने सरकारी वेबसाइटवरही तीच वेळ आली. ग्रोनिंगन! मी काकांना व्हिडिओ कॉल लावला.

"काका, सापडला!"

"प्राजक्ताला विचारलंस?"

"ती झोपलीय!"

काका खळखळून हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "आणि माणसं?"

ऑफिसात माझ्या टीममधल्या मारिकेची आई तिकडेच एकटी राहते, हे मला ठाऊक होतं. तिची आठवणही झाली नव्हती.

"कोयनेला आम्ही रेघ वाचली की गावात जाऊन विचारून यायचो," काका म्हणाले. "त्याशिवाय नोंद पुरी होत नाही."

मी मारिकेला फोन केला. तिने आईला केला. अर्ध्या तासाने शेवटचा रकाना भरला: 'मारिकेची आई. एक कप फुटला. घाबरली होती. दूरच्या कुणी विचारलं म्हणून हसली.'

पानाचा फोटो काकांना पाठवला. लगेच उत्तर आलं: "आता सापडला."