हक्कसोडीची साडी

आमच्यात वडील गेले की वर्षाच्या आत बहिणी हक्कसोड करून देतात. म्हणजे रजिस्टर ऑफिसात जायचं, घरातला आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, त्यानं घेतलेली साडी नेसायची, गोडाचं जेवायचं आणि हसत आपल्या घरी जायचं. माझ्या आत्यांनी तेच केलं. त्यांना नवऱ्यांची घरं होती, सोडायला काय जातंय! माझं तसं नव्हतं. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरच्या या दोन खोल्यांत परत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळेचे गणवेश शिवतात त्या कारखान्यात मशीनवर बसते आणि अव्वाला, म्हणजे आईला, सांभाळते.

अण्णा, माझा थोरला भाऊ, पुण्यात असतो. वडिलांना वर्ष होत आलं तसा तो वैनीबरोबर साडी घेऊनच आला. मोरपंखी, चांगली भारीतली.

"बुधवारी सह्या करून टाकू. मग घर विकू, अव्वाला मी पुण्याला नेतो."

"आणि मी?"

"तुला काय वाऱ्यावर सोडतोय का? बघू की तुझं काहीतरी."

हे 'बघू की' माझ्या डोक्यातच गेलं. चाळिशी उलटलेल्या बाईचं काय बघणार होता हा? भाड्याची खोली? सही केली की डोक्यावरचं छप्पर गेलं, आणि नाही केली तर भाऊ गेला. दोन्हीकडून माझंच जात होतं.

वकिलाचा विचार मनात आला तेव्हा माझी मलाच भीती वाटली. वकील म्हणजे कोर्ट आणि कोर्ट म्हणजे माहेर तुटलं, एवढंच मला ठाऊक. तरी गेले. आमच्याच समाजातले, वडिलांच्या ओळखीचे एक वकील आहेत. आपला माणूस आहे, फी कमी घेईल आणि बोभाटाही होणार नाही, असा माझा हिशेब. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, वर म्हणाले, "बहीणभावात वकील कशाला गं पोरी? मी बोलतो त्याच्याशी."

बोललेच! मी घरी पोचायच्या आत फोन झाला होता. अण्णा दारातच उभा. "माझ्यावर केस घालतेस व्हय?" अव्वा पदर तोंडाला लावून रडत होती. "बापाचं नाव घालवलंस गं." आपला माणूस म्हणे! त्या चहाची मला शिसारी आली.

त्यानंतर घरात माझ्याशी कुणी धड बोलेना. ताट पुढ्यात यायचं, शब्द नाही. दोन खोल्यांत माणूस तोंड लपवणार कुठं? रडायचं तर मोरीत जाऊन नळ सोडायचा.

कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या तेलुगू बाईनं माझं तोंड बघून ओळखलं. तिनं नवऱ्याकडून पोटगी मिळवलेली. म्हणाली, "कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे. बायकांना वकील फुकट देतात, पगारबिगार काही विचारत नाहीत." फुकटचा वकील कसला असणार, असंच वाटलं मला. पण पर्याय काय होता? अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेले.

अर्ज घेऊन त्यांनी एका वकीलबाईंकडं पाठवलं. वयानं माझ्यापेक्षा लहान, डोळ्यांवर झोप. मी बोलत होते आणि त्या मधेच विचारत होत्या, घर कुणी बांधलं, मृत्युपत्र आहे का, वारस कोण कोण. मग म्हणाल्या, "ताई, आज केस घालायची गरज नाही. आज फक्त सही करायची नाही. त्यांनी घर विकायला काढलं, कुलूप लावलं, नोटीस पाठवली, की त्याच दिवशी माझ्याकडं यायचं." निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "आईंचाही हिस्सा आहे, त्यांना माहिती आहे का?" घरी आल्यावर मी अव्वाला सांगायला बघितलं. तिनं कान झाकले.

बुधवारी आम्ही सगळे रजिस्टर ऑफिसात गेलो. अण्णानं अव्वाच्याही हक्कसोडीचा कागद केला होता, माझा वेगळा. अव्वाचा नंबर आधी लागला. ती कॅमेऱ्यापुढं बसली, फोटो झाला, अंगठा मशीनवर टेकवला. माझं नाव पुकारलं तशी मी उभी राहिले. म्हणाले, "मला सही करायची नाही." अण्णा सगळ्यांदेखत माझ्याकडं बघत राहिला. तिथनंच वैनीला घेऊन पुण्याची गाडी धरली. अव्वाला नेतो म्हणालेला, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

संध्याकाळी अव्वा भाकरी थापत होती. खाली बघूनच म्हणाली, "माझं तर मी सोडलं. आता हे घर तुमा दोघांचं. मला राहू देशील न्हवं हितं?"

मला असा संताप आला! लग्न होऊन आल्यापासून त्याच ओट्यापुढं उभी असलेली बाई माझ्याकडं परवानगी मागत होती. मी ओरडलेच, "डोकं फिरलंय का तुझं? उद्या चल माझ्याबरोबर. वकीलबाई तुझंही बघतील, काही पैसे पडत नाहीत."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"पोराला कोर्टात खेचू? न्हाय बाई, मला न्हाय जमायचं," ती म्हणाली. "आन् मला कशाला वकील? तू हायस की."