परत आलेला चेक

जालना एमआयडीसीच्या रस्त्यावर गोजरबाईंचा एक गाळा होता. नवरा गेल्यावर त्याच्या भाड्यावरच त्यांचं घर चालायचं. एकदा भाडेकरूनं, बियाण्याच्या व्यापाऱ्यानं, दिलेला चेक बँकेतून परत आला.

"मी कुलूप ठोकतो गाळ्याला," दीर कडूबा म्हणाला.

"भावजी, गाळा माझा हाये. तुमचं कुलूप न्हाई लागायचं."

बँकेची चिठ्ठी घेऊन त्या तडक वकिलाकडे गेल्या आणि व्यापाऱ्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. तो तणतणत दारात आला.

"बाईमाणसानं कोर्टाची भाषा करावी का?"

"मंग बाईमाणसाला खोटा चेक द्यावा का? आता रोख आणा. पावती बराबर मिळंल."

संध्याकाळी पैसे आले. पावतीवर गोजरबाईंनी ठळक सही केली आणि खाली लिहिलं, मालकीण.