गुरम्माच्या डबीखालचा आवाज

डॉक्टर निंगव्वाला कॉलेजात पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी नाव बदलायचा सल्ला दिला. "नलिनी कर, नीलिमा कर. निंगव्वा डॉक्टरकडं कोण येणार गं?" तिनं कुणाचं ऐकलं नाही. अक्कलकोटाकडच्या खेड्यातलं नाव होतं ते, घरातल्या म्हाताऱ्यांनी हौसेनं ठेवलेलं, आणि पोरगी पहिल्यापासून हट्टी. एम.बी.बी.एस. झाली तेव्हा लोक धरूनच चालले की ही आता बाळंतपणं करणार. बाईमाणूस, दुसरं काय करणार! हिनं मेडिसिनला नाव घातलं, आणि त्यातही सगळा जीव हृदयात. चौऱ्याहत्तर सालच्या सोलापुरात लोकांना हे म्हणजे पोरीनं ट्रक चालवायला घेतल्यासारखं वाटलं. बोलले चार दिवस आणि गप्प बसले.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या वॉर्डात गुरम्मा आली. पंचविशीची, काटकुळी, शेंगाचटणी करून विकणारी बाई. तिची चटणी अख्ख्या पेठेत नावाजलेली. उखळात स्वतः कांडायची, गिरणीचं नाव काढलं तरी चिडायची. पण हल्ली चार घाव घातले की धाप लागायची, मुसळ टाकून भिंतीला टेकायची. एका डॉक्टरनं कधीतरी सांगितलं होतं, हृदयाची झडप गेलीय, आता इलाज नाही, जपून राहा. तेच निदान कागदावरून कागदावर उतरत आलं. निंगव्वानंही तपासलं. छातीच्या डाव्या बाजूला, खाली, गुरगुर ऐकू आली. झडपेच्या रोगात येते तशीच. तिनंही तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गुरम्मानं तिचा हात धरला.

"डॉक्टरीणबाई, खरं सांगा की. वरीसभर तरी ऱ्हाते का न्हाय मी?"

"असं का विचारतेस?"

"धाकट्या भनीला थांबवून ठेवलीय, म्हणून. पारव्वाला. मी गेल्यावर ह्यांच्या घरात तीच यायची. माझ्या लेकीला सावत्र आई नको, मावशी पायजे. कुर्डुवाडीचं स्थळ हाय तिला, रेल्वेच्या वर्कशॉपात हाय पोरगा. तिच्याबी लई मनात हाय. मीच न्हाय म्हणलं. पण किती दिवस थांबवू? तिचं वय चाललं की."

ऐका! मरायच्या आधी बाईनं स्वतःच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरवून टाकलेलं, आणि तारखेसाठी डॉक्टरकडं आलेली. नवरा मल्लिकार्जुन दाराबाहेर बाकड्यावर खाली मान घालून बसला होता. किराणा दुकानात नोकरीला असलेला गरीब माणूस. निंगव्वानं त्याला झापायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "तिच्यापुढं माझं काय चालतंय, बाई? मला कुणीच नको. तीच बरी होऊ दे." निंगव्वा मागं फिरली. तिला राग आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, तेच जुनं निदान उतरवल्याचा.

एक गोष्ट मात्र तिला खुपत होती. झडप आखडली की नाडी बारीक लागते. गुरम्माची नाडी बोटाखाली उसळ्या मारत होती. तिनं आपल्या वॉर्डप्रमुख सरांना विचारलं, "सर, हे जन्मापासूनचं काही असेल का?" सर भले माणूस, पण जुन्या वळणाचे. म्हणाले, "निंगव्वा, जन्मजात रोग लहान मुलांच्या वॉर्डात शोधायचा. ती पोरं इतकी मोठी होतात होय?" पुस्तकातही ते प्रकरण लहान मुलांच्याच भागात होतं. एक्स-रे काढून पाहावा, तर फिल्मवर नेमक्या हव्या त्या जागी एक चौकोनी पांढरा डाग. गुरम्माची लिंगाची डबी!

आता हे जरा सांगायला पाहिजे. लिंगायताच्या अंगावर लिंग, म्हणजे लहानसं शिवलिंग, असतं, चांदीच्या डबीत, गळ्यातल्या दोऱ्याला. ते अंगावरून उतरवायचं नाही आणि दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. कांडताना डबी झुलू नये म्हणून गुरम्मानं दोरा आखूड करून ती डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली घट्ट बसवलेली. बाकीच्या डॉक्टरांनी, कशाला तिच्या देवाला हात लावा, म्हणून ती जागा सोडली. निंगव्वा तर स्वतः लिंगायत. तिचं स्टेथोस्कोप त्या डबीला वळसा घालूनच गेलं, आणि आपण वळसा घातला हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

एका सकाळी ती वॉर्डात लवकर आली. गुरम्मा खाटेवर मांडी घालून लिंगपूजा करत होती. डोळे मिटलेले, कपाळाला विभूती, लिंग डाव्या तळहातावर, रिकामी डबी उशीवर. निंगव्वा सवयीनं दोन पावलं मागं सरून थांबली. पूजेत बोलायचं नसतं. आणि उभ्या उभ्या तिला दिसलं की जिथं एरवी डबी असते तिथली कातडी थरथरतेय.

पूजा संपेना! एरवी हात जोडून उभी राहणारी निंगव्वा त्या दिवशी मनातल्या मनात म्हणत होती, आवर की गं बाई, आवर.

गुरम्मानं डोळे उघडले तशी ती म्हणाली, "लिंग तसंच हातात धर. डबी बांधू नकोस. मला तिथं ऐकू दे."

"धरते की. हातात हाय म्हंजे अंगावरच हाय."

निंगव्वानं स्टेथोस्कोप टेकवलं. शेजारी पिठाची गिरणी चालू असावी तसा आवाज. न थांबता, ठोक्यागणिक चढणारा, उतरणारा आणि पुन्हा चढणारा. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक वाट असते. जन्मल्यावर ती आपोआप बुजते. गुरम्माची बुजलीच नव्हती. तिथून रक्त नको तिकडं वाहत होतं आणि हृदय वर्षानुवर्षं दुप्पट राबत होतं. खालची गुरगुरही त्या वाढीव रक्ताचीच. झडप धडधाकट होती. आणि मुंबईत ही वाट बांधून टाकायचं ऑपरेशन होत होतं.

तिनं सरांना अक्षरशः ओढत आणलं. सरांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, चष्मा काढून पुसला. "गाढव आहोत आपण सगळे," म्हणाले. "मीसुद्धा." मग स्वतःच मुंबईला फोन लावला आणि निंगव्वाला म्हणाले, "तू जा बरोबर. बघून ये. मला शिकवायला कोणीतरी पाहिजे."

अडलं ते पुन्हा डबीपाशीच. मुंबईला पोचल्यावर तिथल्या सर्जननं सांगितलं, अंगावर काही चालणार नाही. गुरम्मा म्हणाली, मग मला घरी घेऊन चला. मल्लिकार्जुन रडकुंडीला आला. निंगव्वा मात्र कंबर कसून पुढं झाली. "गुरम्मा, सगळ्यात उत्तम अंग कोणतं गं?"

"डोकं."

"मग लिंग डोक्यावर असलं तर चालेल की नाही?"

गुरम्मानं विचार केला. "चालंल की. जुनी माणसं ठेवायचीच."

डबी मल्लिकार्जुनाच्या खिशात गेली. लिंग स्वच्छ फडक्यात गुंडाळून गुरम्मानं स्वतःच्या हातानं अंबाड्यात बांधलं, वर ऑपरेशनची टोपी. सर्जन पुटपुटला, "काय एकेक सोलापूरकर!" पण हसला आणि कामाला लागला.

ऑपरेशन झालं. निंगव्वानं त्या जागेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ स्टेथोस्कोप टेकवलं. दोन ठोके. मधे काही नाही. पुन्हा ऐकलं. काही नाही. मग सगळ्यांच्या देखत ती ढसाढसा रडली. इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं. "अहो बाई, बंद पडायचं तेच बंद पडलंय," सर्जन म्हणाला, आणि लगेच पुढं, "हल्ली आम्ही असली लहान पोरं बरी करून घरी पाठवतो. ती मोठी होणार, त्यांची लग्नं होणार, त्यांना पोरं होणार. तेव्हा त्यांना तपासणार कोण? बालडॉक्टर? शिकायला या इथं." एम.डी. झाल्यावर निंगव्वा गेली, शिकून सोलापूरला परतली, आणि मिशा फुटलेली, मंगळसूत्र घातलेली ती पोरं जन्मभर तिच्याकडं येत राहिली. निंगव्वा डॉक्टर कुठं बसतात, असं विचारत यायची.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी गुरम्मा शुद्धीवर आली. पहिल्यांदा हात डोक्याकडं गेला, अंबाडा चाचपून खाली आला. मग तिनं निंगव्वाकडं पाहिलं.

"अजून वाजतंय का?"

"नाही. थांबलं. आता चटणी कांड, नाहीतर डोंगर चढ."

गुरम्माच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांवर ओघळलं, तिनं पुसलं नाही.

"हे बाहेर हायत न्हवं? त्यांस्नी म्हणावं, आत्ताच्या आत्ता तार करा," ती म्हणाली. "पारव्वाला सांगा, थांबू नको."