तानूबाईचा उजवा हात

माले गावाच्या वरच्या अंगाला, डांबरी सोडून पाच मिनिटं चढलं की धनगरांची सात घरं लागतात. त्यातलं शेवटचं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं घर तानूबाईचं. नवरा धुळा, मुलगा दादासाहेब, सून करिष्मा, लग्नाची मुलगी सोनिया आणि दारात साठेक शेरडं-मेंढरं, एवढा तिचा संसार. दादासाहेब हिंजवडीला एका कंपनीची गाडी चालवतो. मेंढरांमागं धुळा आणि तानूबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून ती उजाडलं की बाहेर आणि मावळलं की आत. दुपारच्या उजेडात आपलं घर आतून कसं दिसतं, हे बावन्न वर्षांच्या त्या बाईनं क्वचितच पाहिलं असेल.

उजव्या छातीत गाठ हाताला लागली तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं सोडून दिली. सोनियानं दिवाळीला न्हाऊ घालताना पाहिली तेव्हा ती लिंबाएवढी झालेली. मग पुण्याच्या दवाखान्याच्या चकरा झाल्या, तपासण्या झाल्या आणि फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. उजवी छाती काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. दहा दिवसांनी कुशीतली नळी निघाली तेव्हा तिथल्या नर्सनं एक चित्रांचा कागद हातात दिला. त्यात एक बाई खांदे फिरवत होती, भिंतीवर बोटं चालवत होती, आडवं पडून दोन्ही हातांनी काठी वर नेत होती. "हे रोज करायचं. हळूहळू, पण रोज," नर्स म्हणाली.

तो कागद घरी आल्यावर पेटीच्या तळाला गेला. दादासाहेबानंच ठेवला. सोनियासाठी भूगावच्या एका घराशी बोलणं चाललं होतं, आणि त्याला भीती होती की आईच्या आजाराचं कळलं तर ते मागं फिरतील.

"कुनी इच्यारलं तर पित्ताच्या खड्यांचं आपरेशन झालं म्हनायचं," त्यानं सगळ्यांना बजावलं. "आयला झालं म्हंजी पोरीलाबी हुनार, आसं म्हनत्यात लोकं."

धुळाला कागदाचं काही कळत नव्हतं. त्याला कळत होते ते मेंढरांचे पाय. आजवर किती मोडलेले पाय त्यानं कामट्या लावून बांधले होते आणि एकवीस दिवसांनी धड सोडले होते, त्याची गणती नव्हती. तानूबाई हात हलवताना कण्हते, हे त्याला बघवेना. त्यानं आपल्या जुन्या धोतराची स्वच्छ धुतलेली पट्टी फाडली आणि तिचा उजवा हात छातीशी बांधून टाकला.

"आता एकवीस दिस हालवायचा न्हाई," तो म्हणाला.

रोज सकाळी तो पट्टी सोडून पुन्हा नीट बांधायचा. "कचतंय का गं?" असं विचारायचा. तीस वर्षांच्या संसारात त्यानं इतक्या मायेनं तिला हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं. म्हणून हाताला मुंग्या येत होत्या तरी ती काही बोलली नाही.

तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं. खोलीला एक हातभर खिडकी, तीही शेजारच्या घराच्या भिंतीकडं तोंड करून. कुणी आलं की करिष्मा मधलं दार ओढून घ्यायची. सकाळी मेंढरं सुटायची तेव्हा तानूबाई बाजेवर बसून ऐकायची. कुठली मागं राहिली, कुठलं कोकरू आईला चुकलं, हे तिला आवाजावरून कळायचं. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण बाहेर कुणी असलं तर? मग आवाज ओढ्याकडं उतरत जायचे आणि संपायचे. वर पत्रा तापायला लागायचा. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. तेवढीच तिची रानवाट उरली होती.

एकविसाव्या दिवशी धुळानं पट्टी सोडली. "उचल आता."

हात उचलला गेला नाही. कुशीपासून वीतभर सुटला आणि थांबला. काखेत, कातड्याखाली, तार ओढून धरावी तसं काहीतरी ताठ झालं होतं. तानूबाईनं पुन्हा जोर केला. डोळ्यांपुढं अंधारी आली. धुळा पट्टीची घडी घालत राहिला, उलगडत राहिला, पुन्हा घडी घालत राहिला.

पुढच्या आठवड्यात शेक, म्हणजे मशीनमधून किरणं, द्यायच्या आधीची तयारी होती. मशीनच्या अरुंद फळीवर तिला उताणं झोपवलं. तिथला माणूस म्हणाला, "आजी, उजवा हात डोक्याच्या वर घ्या. असा."

तिचा हात खांद्याच्या खूप खालीच अडला. त्यानं हलकेच वर न्यायचा प्रयत्न केला तशी ती किंचाळली. हात वर गेल्याशिवाय शेक देता येणार नव्हता. तयारी थांबवून तिला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांचं नाव शुभांगी. त्यांनी हात तपासला, काखेतली तार बोटानं चाचपली आणि विचारलं, "हा कुणी बांधून ठेवला होता?"

धुळाच पुढं झाला. "म्या बांदला. मेंढराचा पाय आसाच जुळतो."

शुभांगीबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं. "बाबा, मेंढराचं हाड मोडलेलं असतं, म्हणून बांधायचं. यांचं हाड धड आहे. कापलंय ते वरचं, आणि ते बरं होताना आवळत चाललंय. ते बांधून नाही सुटत, हलवून सुटतं."

"म्हंजी म्याच…" धुळा म्हणाला.

"दोन आठवडे आहेत. सुटेल," त्या म्हणाल्या. मग तानूबाईला भिंतीपाशी उभं केलं. "बोटं भिंतीवर टेकवा. मुंगी चढते तशी चढवायची. ताण लागला की तिथंच थांबायचं, पाच श्वास घ्यायचे आणि तशीच बोटं खाली आणायची. कळ आली तर मागं यायचं. झटका द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. पाच वेळा, दिवसातून तीनदा."

सोनियानं पेटीतला कागद काढून खोलीच्या भिंतीला चिकटवला. पहिल्या दिवशी बोटं कमरेपासून निघाली आणि छातीच्या उंचीला अडकली. सोनियानं कोळशानं तिथं रेघ मारली. दुसऱ्या दिवशीची रेघ तिच्यावर जेमतेम बोटभर चढली, तिसऱ्या दिवशी तेवढीही नाही. भिंतीला तोंड लावून उभं राहायचं, मागं दार बंद, वर तापलेला पत्रा. घामानं पदर भिजायचा. तानूबाईला रडू यायचं ते दुखण्याचं नसायचं. मोकळ्या माळावर जन्म गेलेल्या बाईला एवढ्याशा भिंतीवर वीतभर चढायचं होतं आणि तेही जमत नव्हतं.

"करिष्मा, मी म्होरल्या भितीवर करते की," तिनं एकदा विचारलं. "वाईच वारं तरी लागंल."

"आत्याबाई, समोरच्या काकू दिसभर वट्यावर बसल्यात. काय सांगू त्यास्नी? पित्ताचं खडं निघालं की भितीवर बोटं चालवत्यात म्हनून?"

करिष्मा वाईट नव्हती. तीही घाबरलेली होती. सगळंच घर घाबरलेलं होतं, आणि सगळ्यांच्या भीतीचं दार तानूबाईच्या खोलीला लागलेलं होतं.

धुळा आता दुपारी मेंढरं भावकीतल्या एकाच्या भरवशावर सोडून घरी यायचा. येऊन उंबऱ्यावर बसायचा.

"हात लावू का?" त्यानं पहिल्यांदा विचारलं.

"नगं. माजं मलाच चढू द्या."

मग तो नुसता मोजायचा. ती ताण धरून श्वास विसरली की खालून म्हणायचा, "सोड, सोड, श्वास सोड." आठव्या दिवशी बोटं खांद्याच्या वर गेली.

तोच रविवार पाव्हण्यांचा होता. भूगावहून मुलगा कैलास, त्याचे वडील आणि आई सुलक्षणाबाई आले. करिष्मानं सकाळीच तानूबाईच्या झंपराच्या उजव्या बाजूला मऊ कापडाची घडी बसवली, वरून पदर ओढला आणि सांगितलं, "आत्याबाई, तुमी निस्तं बसून राहायचं. उठायचं न्हाई."

सगळं बरं चाललं होतं. सोनियाला बघून झालं. कैलासनं दोन प्रश्न विचारले, तिनं धिटाईनं उत्तरं दिली. त्यांना मुलगी पसंत आहे हे चेहऱ्यांवरून दिसत होतं. निघताना करिष्मा हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली. सुलक्षणाबाई हसून म्हणाल्या, "आज विहीणबाईंच्या हातनं लावून घेते की."

तानूबाईला उठावं लागलं. सुलक्षणाबाई चांगल्याच उंच होत्या. तिनं चिमटीत कुंकू घेतलं आणि हात वर न्यायला लागली. भिंतीचा आधार नव्हता. हात सुलक्षणाबाईंच्या गळ्यापाशी आला आणि तिथंच अडला. डाव्या हातानं कुंकू लावता येत नाही. ती ओढत राहिली, काखेतली तार ताणत राहिली. चिमटी सुटली. कुंकू सुलक्षणाबाईंच्या साडीवर सांडलं.

"त्यांच्या खांद्यात लचक भरलीया," करिष्मा घाईनं म्हणाली.

"लचक? मघाशी पित्ताचं म्हनत हुता."

दादासाहेब काहीतरी सांगायला उठला. त्याच्या तोंडून तिसरं खोटं निघायच्या आत तानूबाई बोलली.

"पित्त न्हाई आन् लचकबी न्हाई. माज्या छातीत क्यान्सरची गाठ हुती. उजवी छाती काढलीया. म्हनून हात वर जात न्हाई. रोज वाईच वाईच जातुया."

सुलक्षणाबाई साडीवरचं कुंकू झटकायचं विसरून तिच्याकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आदी सांगाया पायजे हुतं, बाई."

"व्हय. पायजे हुतं."

कळवतो म्हणून ते गेले. सोमवारीच फोन आला. नाही म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

"एक मिनिट गप बसली आसतीस तर काय बिघडलं आसतं?" दादासाहेब म्हणाला, आणि मग दोन आठवडे आईशी बोलला नाही.

आपण बोललो याचा तानूबाईला पस्तावा नव्हता. पण सोनियाकडं बघवत नव्हतं. पोरीनं त्या मुलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला होता, हे तिनं पाहिलं होतं. सोनिया दोन दिवस भिंतीवर रेघ मारायला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, कोळसा हातात घेतला आणि म्हणाली, "मला आवडला हुता गं त्यो." तानूबाईनं डाव्या हातानं तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या. मग सोनियानंच डोळे पुसून म्हटलं, "चल, चढव. येळ कमी हाय."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. तानूबाई व्यायामाला बाहेर, पुढच्या भिंतीपाशी आली. समोरच्या काकू वट्यावरून विचारत्या झाल्या, "काय गं तानू, काय करतीस?"

"हात चढवतीया."

संध्याकाळपर्यंत साती घरांना कळलं. कुणी हळहळलं, कुणी आपल्या सुनेला तिच्या घरचं पाणी पिऊ नको म्हणून सांगितलं. तेही तिला कळलं.

शुभांगीबाईंनी दिलेले दोन आठवडे भरले तेव्हा दादासाहेबानंच तिला गाडीवरून पुण्याला नेलं. वाटभर अबोला. त्याच अरुंद फळीवर तिला पुन्हा झोपवलं. या वेळी हात कानापर्यंत गेला, आणखी थोडा गेला, आणि डोक्यामागच्या आधारावर टेकला.

"बास, एवढं पुरतं," तो माणूस म्हणाला. "आता अजिबात हलायचं नाही."

दार बंद झालं. खोलीत ती एकटी आणि वर मशीनचं भलंमोठं तोंड. ज्या हातासाठी एवढं हलली, तो आता हलवायचा नव्हता. पंधरा दिवस, शनिवार-रविवार सोडून, ती तशीच पडून राहिली. मनातल्या मनात मेंढरं मोजायची. साठ व्हायच्या आत मशीन थांबायचं.

शेक संपला. हात आता पुष्कळ सुटला आहे, तरी पाठीमागं नेऊन अंबाडा घालता येत नाही. शुभांगीबाईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते तिला सगळ्यांत जड गेलं. या हाताला काटा लागू द्यायचा नाही, ओरखडा नाही, ओझं नाही. काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजून बसेल. काट्याशिवाय रान कुठलं? करवंदीच्या जाळीत शिरल्याशिवाय शेरडं कुठली वळतात? धुळा एकटाच मेंढरं नेतो. ती वाड्यातली कोकरं बघते, अंगणाच्या टोकापर्यंत जाते आणि कळप खिंडीआड होईपर्यंत उभी राहते. खोलीचं दार उघडलं खरं, पण ते अंगणापुरतंच.

परवा दादासाहेब कामावरून आला. सोनिया आईचे केस विंचरत होती. तो थोडा वेळ घुटमळला. "घोटावड्याकडचं एक स्थळ हाय," तो म्हणाला. "आये, ते यायच्या दिशी तू चांद्याला मामाकडं जाशील का? येकच दिस."

तानूबाईनं खाली बघितलं. "जाईन की," ती म्हणाली.

सोनियाचा हात केसांतच थांबला. "मग मीबी तिच्यासंगं जाते," ती म्हणाली. "पावन्यांना वैनीला दाकवा."

करिष्मा आतून फस्सकन हसली. दादासाहेब चिडला. चपला घालून मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला.

"येडी हायेस," तानूबाई सोनियाला म्हणाली.

पाव्हण्यांचा दिवस अजून ठरायचा आहे.