मावशीचा बैल

आर्वी रस्त्यावर मी कॉलेजच्या बसची वाट पाहायचो, तिथेच एका कारागिराचे टिनाचे शेड होते. बाभळीच्या लाकडाचे धड, खुरप्याच्या पात्यांचे कान, लोखंडी सळाखीची शिंगे आणि शेपटी, असे बैल ते बनवत. कुणी शिकवले नव्हते. नाव विचारायला मी लाजलो, ते राहूनच गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक म्हातारी मावशी आली. तिचा बैल उन्हाळ्यात मेला होता. पूजेला तिला तसाच हवा होता. त्यांनी तिथेच बैल घडवून तिच्यापुढे ठेवला आणि पँटला हात पुसले.

"हा आमचा नाई," ती म्हणाली. "किती गरीब केला! त्यानं तं मले नालीत लोटलं होतं."

"मावशी, मेलेल्या बैलाले सारेच गरीब म्हणते. म्हणून तसा केला."

हसत हसत त्यांनी सळाख तापवून शेपटी वर वळवली, शिंगे पुढे झुकवली. मावशीने मानेवर ठेवायला हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला.

"हाव, आता मारते हा!"

आता घरी वारलेल्या आजोबांची आठवण निघाली, की मी त्यांच्या चांगुलपणाबरोबर त्यांच्या शिव्याही सांगतो. सगळे हसतात, आणि आजोबा खाटेवर येऊन बसल्यासारखे वाटतात.