ती सही टेकचंदची नव्हती

टेकचंद गेल्याचं मला गोंदियात चहाच्या टपरीवर कळलं. सांगणाऱ्याने लगेच जोडलं, "वही ना, रेल्वेची खराब केबल पास करणारा?" मी मान डोलावली... त्याच्या मरणाच्या दिवशीही मी खोटंच बोललो. त्याला महिना होत आला. संताप उतरत नाही, आणि तो त्या टपरीवरच्या माणसावर नाही.

टेकचंद दवनीवाड्याचा. आयटीआय करून माझ्याकडे लागला. जास्त वेगाच्या गाड्यांसाठी लाइनवर नवे सिग्नल बसत होते, त्यांची केबल मी पुरवत होतो. केबल गुंडाळलेला प्रत्येक ड्रम मीटर लावून तपासायचा आणि कागदावर सही करायची, हे त्याचं काम. हमाल त्याला डॉक्टर म्हणत. "डॉक्टरसाहेब, नाडी लागली का?" असं कोणी विचारलं, की तो काट्यावरची नजर न काढता म्हणे, "तुही लागत नाही, केबलची लागून राहिली."

एका पावसाळ्यात माझ्या हलगर्जीपणाने एक ड्रम ताडपत्रीविना बाहेर राहिला. केबलच्या उघड्या टोकातून ओल आत शिरली. साइटवरून फोनवर फोन येत होते. टेकचंद म्हणाला, "सेठ, हा नाही जात. टोक कापून वाळवू, पुन्हा तपासू. दोन दिवस द्या."

"ट्रक उभा आहे. कर सही."

"गाडी कायच्या भरोशावर धावन, सेठ? तुमच्या घाईच्या?"

पेन टेबलावर ठेवून तो जेवायला गेला. त्याची सही मी रोज पाहत होतो. मीच ती केली.

गाड्या सुरू होण्याआधीच साइटवर दोष सापडला, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. अधिकारी कागद घेऊन आले. टेकचंद म्हणाला, "साहेब, ही सही माही नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्याचीच आहे." एवढंच. तेवढ्यावर त्याची नोकरी गेली, पुन्हा कोणी त्याच्या हाती मीटर दिलं नाही, आणि मी... मी त्याच लाइनला केबल पुरवत राहिलो. मला लोक प्रामाणिक व्यापारी म्हणत. मी ऐकून घेत असे.

तेरवीला गेलो आणि सगळ्यांसमोर हे सांगितलं. त्याची मुलगी सुषमा आता नर्स आहे. ती रडली नाही. "अंगणात बोलून काय होते, सेठजी? बदनामी जिल्हाभर झाली. पेपरात लिहा." मग आत जाऊन शाळेतली प्रगतिपुस्तकं घेऊन आली. "त्या दिवसापासून बाबानं सही केलीच नाही. बँकेत अंगठा, रेशनवर अंगठा. पोरी चिडवत, तुहा बाप अडाणी हाये. मी भांडली, तर म्हणाला, सही कोणीबी करते, बाई."

आठवीपासून दहावीपर्यंत, पालकांच्या सहीच्या प्रत्येक रकान्यात निळा अंगठा. मी चष्मा पुसून एकेक पान पाहिलं. रेष न् रेष उठलेली... पुसट एकही नाही.