राखेनं घासलेल्या बाटल्या

अन्याय झाला तो आमच्या गावात तलावाच्या माशांवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांवर, आणि झाला गेल्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी. लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती अन् तिकडे तलावात मासे मरून तरंगत होते. गावालगतच्या खाणीतलं पाणी नाल्यानं तलावात उतरतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खाणीचा साहेब म्हणाला, "पुरावा दाखवा."

पुराव्यासाठी उठल्या त्या राजुऱ्यात कॉलेजला जाणाऱ्या आमच्याच पोरी. त्यांनी नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि चावडीवर साहेबासकट सगळ्यांदेखत त्यात तपासणीची पट्टी बुडवली. खाणीच्या पाण्यातल्या आम्लानं मासे मेले असतील तर ती तांबूस व्हायला हवी; पाण्यात खार असेल तर होते निळी. झाली निळी! साहेब खदखदून हसला. "तुमच्याच पोरी सांगून राह्यल्या, आम्ल नाही म्हणून!"

खाणीविरुद्ध पत्रकं काढणारा मी, माझं डोकं फिरलं. पण त्यातली एक, ढिवराचीच पोरगी, रिकाम्या बाटलीत बोट फिरवत होती. मैत्रिणीला म्हणाली, "काव, बाटल्या कायनं घासल्या तुनं?"

"राखेनं. घरचे भांडे घासतो तशा. काऊन?"

"बह्याड हायेस काय? राखेत खार असते ना!"

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा नाल्यावर गेल्या. या वेळी नव्या बाटल्या, त्याही नाल्याच्याच पाण्यानं खळखळून घेतलेल्या. खाणीच्या वरच्या अंगाला पट्टी हिरवी झाली, म्हणजे पाणी साधं; खालच्या अंगाला केशरी झाली, म्हणजे आम्ल.

मी म्हटलं, "ग्रामसभेत राखेचं काढू नका. साहेब टर उडवेल."

ढिवराची पोरगी म्हणाली, "उडवू द्या ना, भाऊ. लपवलं तं उद्या हेबी खोटंच म्हणतील."

आणि ग्रामसभेत तिनं आधी राखेचंच सांगितलं. मासे विकणारी एक म्हातारी ओरडली, "माय वो, इतक्या शिकल्या अन् भांडेच घासत राह्यल्या!" सभा हसली, तीही हसली. मग साहेबाच्या नाकासमोर पट्टी केशरी करून दाखवली. साहेब हसला नाही. "वर कळवतो," म्हणाला. भर सभेत आधी आपली चूक सांगून मग साहेबाची दाखवायची, ही छाती माझ्या एकाही पत्रकात नव्हती.

कळवून झालं असेल. पाणी अजून तलावातच येतं आणि ढिवरांची जाळी अजून कोरडीच आहेत. ते पाणी बंद करायचा ठराव आता पुढच्या ग्रामसभेत येतो आहे. या तलावाचा मासा तुम्ही कधी खाल्ला असेल, तर त्या दिवशी घरी बसू नका. या, आणि हात वर करा.